जाकिटाला तीन पंक्चर

डिकीतली स्टेपनी काढायला परशराम वाकला आणि वाकलेलाच राहिला. स्टेपनीवर एक काळं जाकीट पडलं होतं. जाकीट म्हणावं तर त्याला बाह्या नव्हत्या आणि डाव्या खांद्यातून सोंडेसारखी एक जाड नळी लोंबत होती. नळीच्या टोकाला दोन बटणं. परशरामनं गाडीवालीकडं एकदा चोरून बघितलं आणि त्यातलं एक बटण दाबलं. नळीतून बारीक ‘फुस्स’ झालं.

तो आवाज ऐकला आणि परशराम स्टेपनी विसरला. पिरनवाडीत खानापूर रस्त्याला गेली तीस वर्षं तो पंक्चर काढत होता. सायकलीपासून ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरपर्यंत कुठल्याही ट्यूबनं अशी हाक मारली की त्याचे हात शिवशिवायचे.

“ताई, ह्यात हवा भरत्यात?”

गाडीवाली सावलीला उभी राहून फोनवर बोलत होती. ती निपाणीची करिष्मा कांबळे. गोव्यात समुद्राखाली माणसं फिरवून आणायची नोकरी करायची. चार दिवस सुट्टी काढून घरी आली होती आणि आज परत निघाली होती, तेवढ्यात मागचं चाक बसलं. तिनं फोन ठेवला.

“व्हय काका. पाण्याखाली जाताना घालतो आम्ही ते. बीसीडी म्हणतात.”

“म्हंजे बुडू नये म्हणून?”

“न्हाय ओ. खाली जायलाच तर जातो आम्ही.”

“मग हवा कशाला?”

करिष्मानं आपला पंजा आडवा धरला. “हे बघा. हवा भरली की माणूस वर येतं. सोडली की खाली जातं. आणि बरोबर जमली, की वर न्हाय आणि खाली न्हाय. मधेच थांबतं. मासा कसा एका जागी थांबतो, तसं.”

परशरामनं हातातला जॅक खाली ठेवला. ट्यूबमधली हवा एकतर राहते नाहीतर जाते, एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. तीच हवा माणसाला मधेच धरून ठेवते, हे त्याच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं.

“मधेच म्हंजे कुठं धरायचं न्हाय, काय न्हाय?”

“काय न्हाय. अधांतरी.” करिष्मानं जाकिटावरून हात फिरवला. “माझ्या स्वतःच्या मापाचं घेतलं होतं हे. पण आता त्यातली हवा हळूहळू जायला लागलीया. कंपनीला पाठवलं तर महिनाभर यायचं न्हाय. आणि उद्या सकाळी सहाला बोट आहे. दुसऱ्याचं घालावं तर ते कानापर्यंत वर येतंय.”

“हवा जात्या?” परशरामचा आवाज एकदम डॉक्टरसारखा झाला. “मग ठेवून जावा की इथं.”

“काका, ही ट्यूब न्हवं.”

“हवा तर तीच न्हवं?”

चाकाचं पंक्चर निघालं. जवळच मच्छे गावात तिची आत्या राहत होती, तिच्याकडं जेवायला जायचंच होतं. तिनं बरंच मागंपुढं केलं. शेवटी जाकीट बाकड्यावर ठेवलं आणि दुकानाच्या भिंतीवर खडूनं आपला नंबर लिहिला.

“दोन तासांत येते. फक्त बघा हं काका. कापू न्हका काय.”

“छ्या! आजवर कुणाची ट्यूब कापली न्हाय मी.”

तिची गाडी वळते न वळते तोवर शेजारचा चहावाला भरमा हातातलं फडकं खांद्यावर टाकून आला. परशरामच्या दुकानात काही नवीन आलं की भरमाच्या चहाला उकळी फुटायची थांबत असे.

“हे काय रं?”

“बीसीडी.”

“ए कुठं गेलं?”

“ते गोव्यात ऱ्हायलं,” परशराम म्हणाला. “नळी धर.”

त्यानं कंप्रेसरची नळी जाकिटाच्या नळीला लावली आणि बटण दाबलं. जाकीट फुगायला लागलं. आधी खांदे भरले, मग बरगड्या, मग पाठ. चांगलं टम्म झालं आणि उजव्या खांद्यावरच्या एका गोल काळ्या झाकणाखालून ‘फुर्रर्र’ करून हवा बाहेर पडली.

“घावलं!” परशराम ओरडला.

“एवढ्यात?” भरमाचा हिरमोड झाला.

झाकणाला एक दोरी होती आणि दोरीच्या टोकाला गोटीएवढा मणी. ती खुंटीला अडकवायची असणार, असं ठरवून परशरामनं ती गुंडाळून बाजूला बांधली. मग ट्यूबच्या रबराचा चांगला तळहाताएवढा गोल कापला, सोलुशन लावलं, फुंकर घालून वाळवलं आणि झाकणासकट सगळं बंद करून टाकलं. वरून लाकडी हातोडीचे चार हलके ठोके. पुन्हा हवा भरली. जाकीट पुन्हा टम्म झालं आणि या खेपेला पाठीमागं, कमरेजवळ ‘फुर्रर्र’ झालं. तिथंही तसंच गोल झाकण.

“दोन हुती व्हय!” भरमा खूश झाला.

दुसरं बंद केल्यावर डाव्या खांद्यावरचं तिसरं बोललं. परशरामनं तेही बंद केलं. भरमा मात्र हनुवटी खाजवत बसला होता.

“परशा, तिन्ही पंक्चर झाकणाखालीच कशी रं? आणि तिन्ही गोल?”

“शिवण तिथंच असत्या. कमजोर जागा.”

हे त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं की भरमाला पटलं. स्वतः परशरामला तितकंसं पटलं नव्हतं. टायरात शिरलेला बारीक खडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्‌ वाजावा, तसं काहीतरी त्याच्या डोक्यात वाजत होतं. पण आता जाकीट टम्म राहिलं होतं, आणि टम्म राहिलेल्या वस्तूवर संशय घ्यायची त्याला सवय नव्हती.

राहिली होती पाण्यातली परीक्षा. पंक्चरवाल्याचं काम बुडबुडे बघितल्याशिवाय पुरं होत नाही. परशरामनं जाकीट टबात घातलं. ते वर आलं. दाबलं, ते दुसऱ्या बाजूनं वर आलं. त्यावर लॉरीचा जॅक ठेवला तर जॅक कलंडून टबात गेला आणि जाकीट तरंगतच राहिलं. भरमा वर बसायला तयार होता, पण टब तयार दिसेना.

“हे असं खाली जायचं न्हाय,” भरमा म्हणाला. “ती बाई कशी घेऊन जाते खाली?”

“अंगात घालून.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनी मिळून मागच्या वॉशिंग सेंटरच्या हौदाकडं बघितलं. लॉऱ्या धुवायच्या पाण्याचा तो हौद चांगला सहा फूट खोल होता. उतरायला आतून लोखंडी पायऱ्या होत्या.

बेत अगदी साधा होता. परशरामनं जाकीट घालायचं, हवा भरायची, पायरी धरून गळ्यापर्यंत पाण्यात उतरायचं आणि भरमानं वरून बुडबुडे बघायचे. पाच मिनिटांचं काम. परशरामनं जाकीट काढून त्यातली हवा सोडली, शर्टावरूनच ते अंगात घातलं, छातीचे आणि पोटाचे पट्टे खटाखट लावले. करिष्माच्या मापाचं जाकीट त्याच्या पोटावर आधीच तंग बसत होतं. मग भरमानं कंप्रेसर चालू केला.

“बास... बास रं... बास की!” परशरामचा आवाज बारीक होत गेला. दोन्ही हात आपोआप वर उचलले जाऊन पंखांसारखे बाजूला राहिले. पोट आत गेलं, छाती वर आली, मान खांद्यात रुतली. भरमाला नळीवरचं दुसरं बटण फार आवडलं होतं आणि तो ते परत परत दाबून हवा सोडत होता. म्हणून परशरामनं ट्यूबच्या रबराची पट्टी घेतली आणि बटणासकट नळीचं तोंड स्वतःच्या हातानं आवळून बांधून टाकलं. सात वेढे, वर गाठ.

आता जाकिटातली हवा बाहेर जायला कुठंही वाट उरली नव्हती. तीस वर्षांत इतकं चोख काम परशरामच्या हातून झालं नव्हतं.

तो दुसऱ्या पायरीपर्यंत उतरला. तिसऱ्या पायरीला पाण्यानं त्याला उचललं. पाय सुटले, हात सुटला, आणि परशराम उताणा होऊन संथपणे हौदाच्या मधोमध गेला.

“बुडबुडं दिसत्यात का रं?” त्यानं आकाशाकडं बघत विचारलं.

“एक बी न्हाय!” भरमानं काठावरून आनंदानं ओरडून सांगितलं. “एकदम ओके! ये आता वर.”

परशरामनं वर यायचा प्रयत्न केला. हात मारला तर तो जागेवर गोल फिरला. पाय झाडले तर उलट्या दिशेला फिरला. पालथं व्हावं म्हटलं तर जाकीट त्याला पुन्हा उताणा करी. पट्टा सोडायला गेला, पण हवेनं पट्टे इतके ताणले होते की कडी दबेना. नळीची गाठ सोडायला गेला, पण त्याची बोटं नळीपर्यंत पोचत नव्हती. पोचली असती तरी ती गाठ परशरामनं मारलेली होती.

भरमानं बांबू आणला आणि बांबूनं त्याला काठाशी ओढून घेतलं. वॉशिंग सेंटरवरची दोन माणसं मदतीला धावली. तिघांनी खांद्याचे पट्टे धरून वर ओढलं, तसा ताणलेल्या शिवणीतून ‘टर्र’ असा आवाज आला.

“सोडा! सोडा!” परशराम ओरडला. “पोरीची वस्तू हाय! फाटंल!”

त्यांनी सोडलं. तो पुन्हा मधोमध गेला.

“मग कापतो पट्टा,” भरमा सुरी घेऊन आला.

“भरम्या, सुरीला हात लावलास तर बघ! कापणार न्हाय म्हणून शब्द दिलाय मी. तिला फोन कर. भिंतीवर नंबर हाय.”

भरमा फोन करायला पळाला. तेवढ्यात रस्त्यावरची माणसं हौदाभोवती जमली. धारवाडच्या बाजूनं आलेल्या एका लॉरीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून काय झालं म्हणून काठावरच्या एकाला कानडीत विचारलं, “एनायतु री?” त्या माणसालाही काही माहीत नव्हतं, पण तसं कबूल करण्यापेक्षा त्यानं “टेस्टिंग री, टेस्टिंग,” असं सांगून टाकलं. मग प्रत्येक जण पुढच्याला टेस्टिंगच सांगायला लागला. कुणी म्हणालं मिलिटरीचं, कुणी म्हणालं पुराच्या तयारीचं. एकानं तर परशरामला मोठ्यानं विचारलं, “सायेब, आमच्या सदलग्याला कधी येणार हे?”

या गर्दीत अक्काताई जेवणाचा डबा घेऊन आली. दुकानात नवरा नाही म्हणून ती मागं बघायला आली, तर नवरा पाण्यावर पसरलेला.

“हे काय ओ?”

“काम चाललंय,” परशराम म्हणाला.

अक्काताईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं पुष्कळ कामं बघितली होती. “जेवायला वर येताय, का डबा सोडू पाण्यात?”

परशराम आकाशाकडंच बघत राहिला. खरं तर त्याला आता बरं वाटायला लागलं होतं. कानात पाणी गेल्यामुळं गर्दीचा गलका दूर गेल्यासारखा झाला होता. वरून एक विमान सांबऱ्याच्या विमानतळाकडं उतरत चाललं होतं आणि पहिल्यांदाच त्याला ते उतरताना शेवटपर्यंत बघता आलं. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. वर यायचं ते आपल्याला जमलं. पण ती पोरगी म्हणाली ते मधेच थांबणं, ते कसं असेल?

करिष्मा दहा मिनिटांत आली. हात खरकटाच होता. गर्दीतून वाट काढत ती हौदाशी पोचली, जाकीट बघितलं, त्यावरची तीन काळी ठिगळं बघितली, नळीवरचे सात वेढे बघितले. तिला हसू आलं नाही आणि रागही आला नाही, कारण सगळ्यात आधी तिनं परशरामचा चेहरा बघितला होता. ती काठावर पालथी पडली, बांबूनं त्याला जवळ घेतलं आणि त्याची कॉलर पकडली.

“काका, माझ्याकडं बघा. श्वास घ्या. आता सोडा. हळू.” तिचा आवाज एकदम बदलला होता. पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्या माणसांशी ती याच आवाजात बोलत असणार. “ही नळी खांद्याला जिथं लागते, तिथं फिरकी आहे. ती मी सोडते. हवा जाईल. मी धरलंय तुम्हाला.”

“सगळी जाईल?”

“व्हय.”

परशरामनं गर्दीकडं एकदा बघितलं. मग इतक्या हळू आवाजात बोलला की काठावरच्या माणसांना ऐकू जाऊ नये. “थोडी ठेवता येती का? ते मधलं... बघायचं हुतं.”

करिष्मानं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं फिरकी सोडली आणि भोकावर तळवा ठेवला. ती तळवा जरा उचलायची, थोडी हवा जाऊ द्यायची, पुन्हा दाबायची. परशरामचे पाय खाली गेले. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं, हनुवटीला लागलं. खाली जमीन नव्हती. वर कुणी ओढत नव्हतं. आणि पाणी हनुवटीपाशीच थांबलं.

परशरामनं श्वास घेतला, तर तो बोटभर वर आला. सोडला, तर बोटभर खाली गेला. त्यानं पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. काठावर भरमा काहीतरी ओरडत होता, अक्काताई डबा आपटत होती, पण परशराम नुसता श्वास घेत आणि सोडत राहिला.

“आलं का ध्यानात?” करिष्मानं विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली.

त्याला पायऱ्यांवरून वर घेतल्यावर जाकीट अंगातून निघालं. आत शिरलेलं पाणी करिष्मानं हलवून हलवून ओतून टाकलं. मग ती बाकड्यावर बसली आणि ठिगळांवर बोट ठेवून तिनं शांतपणे सांगितलं, “काका, ही पंक्चर न्हवत. जास्त हवा झाली की जाकीट फुटू नये म्हणून ती आपोआप बाहेर सोडणारी भोकं आहेत ही. आणि ही दोरी ओढली की पाहिजे तेव्हा सोडता येते.”

“म्हंजे ती भोकं... मुद्दाम ठेवल्यात?”

“मुद्दाम.”

परशरामनं एका ठिगळावरून बोट फिरवलं. आयुष्यभर त्यानं भोकं बुजवली होती. कुणीतरी डोकं लावून, मोजूनमापून, जीव वाचावा म्हणून भोक पाडत असेल, हा विचार त्याला शिवला नव्हता. त्यानं ओल्या कपड्यांनीच मांडी घातली, भरमाकडून गरम पाणी मागवलं आणि स्वतः लावलेले पॅच काढायला बसला.

तेच त्या दिवशीचं खरं काम ठरलं. परशरामचा पॅच सुटत नाही, अशी त्याची खानापूरपर्यंत ख्याती होती, आणि ती खरी असल्याचं आता त्याच्या नखांना कळत होतं. करिष्मा एका बाजूनं आणि तो दुसऱ्या बाजूनं, असे दोघं तास-दीड तास खरवडत राहिले. अक्काताईनं डबा उघडून दोघांपुढं भाकरी ठेवली. आत्याकडचं जेवण अर्धवट टाकून आलेल्या करिष्मानं लाजत लाजत दोन खाल्ल्या.

शेवटी तिन्ही झाकणं मोकळी झाली. करिष्मानं मणी ओढून ती एकेक तपासली, नळी बसवली आणि तोंडानं हवा भरून जाकीट बाकड्यावर ठेवलं. “आता बघा, दहा मिनिटांत कसं खाली बसतंय ते. मूळचं दुखणं तर ऱ्हायलंच की.”

भरमानं चहा आणला. चहा झाला. दुसरा झाला. परशरामनं दोन सायकलींची हवा भरून दिली. जाकीट होतं तसंच होतं.

करिष्मानं अंगठ्यानं दाबून बघितलं. झाकणाला कान लावला. मग तिनं एक झाकण फिरवून काढलं, आतलं रबर उजेडात धरलं आणि बघता बघता हसायला लागली.

“काय झालं?” परशराम घाबरला.

“काय झालं न्हाय तेच झालंय! मीठ होतं काका. समुद्राचं मीठ झाकणात अडकून बसलं की ते नीट मिटत न्हाय, त्यातनं हवा जाते. तुम्ही गोड्या पाण्यात भिजवलंत, आतूनबाहेरून धुतलंत, विरघळून गेलं सगळं.”

“म्हंजे मी कायच केलं न्हाय?” परशरामचा चेहरा पडला.

“व्हय आणि न्हाय बी.” करिष्मानं जाकीट डिकीत ठेवलं. “भिजवलंत तर तुम्हीच की, फक्त तुम्ही आत नसता तरी चाललं असतं.”

भरमा खदखदून हसला, आणि मग परशरामलाही हसू आवरेना.

निघताना करिष्मानं काच खाली केली. “काका, एकदा या गोव्याला. आक्कांना बी आणा. हौदात काय दिसतंय, खऱ्या पाण्यात दाखवते तुम्हाला मधेच थांबणं.”

“यायला कधीबी येईन,” परशराम म्हणाला, “पण मला पोहता येत न्हाय.”

करिष्माचा किल्लीवरचा हात तसाच राहिला. “काय?”

“कधी शिकलोच न्हाय की.”

“न्हाय म्हंजे? सहा फूट पाण्यात उतरलात तुम्ही! भीती न्हाय वाटली?”

परशरामला तिचा प्रश्नच कळला नाही. त्यानं अक्काताईकडं बघितलं, भरमाकडं बघितलं आणि मग सोलुशननं काळी झालेली आपली बोटं ओल्या धोतराला पुसली.

“भीती कसली? पॅच माझ्या हातचं हुतं की.”